उंटाच्या एका दिवसाची चाल

डॉक्टरीणबाईंनी बाबांचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, कुठे फिरायला वगैरे जायचं राहिलंय का तुमचं?"

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला. किडनीच्या डॉक्टरकडे माणूस सहलीचा सल्ला घ्यायला येतो का? पण बाई गंमत करत नव्हत्या. रक्तातलं क्रिएटिनिन ज्या गतीने वाढतंय ते बघता वर्ष संपायच्या आत डायलिसिस सुरू करावं लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. एकदा सुरू झालं की आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास मशीनवर, आणि त्यात खाडा चालत नाही. "तेव्हा जायचं असेल तर ऑक्टोबरपर्यंत जाऊन या. पुढे गाव सोडणं कठीण होतं." धंतोलीतला तो दवाखाना, बाहेर जूनचं ऊन, आत एसी, आणि मी बोटांवर ऑक्टोबरपर्यंतचे महिने मोजत होते.

आम्ही ऑटोत बसलो. मनीषनगर ओलांडलं. आमचं बेसा जवळ आलं तेव्हा बाबा म्हणाले, "चाळीस वर्सं माल पाठवला वं. पोचलेला एकबी नाही पाहिला."

बाबा शहराच्या कडेला, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बुकिंग क्लार्क होते. माल कोणाचा, किती नग, कुठे जायचा, हे लिहून बिल्टी बनवायची आणि गाडी लावून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांचा भारत मालावरून ओळखीचा होता. मोरबी म्हणजे टाईल्स, फिरोजाबाद म्हणजे बांगड्या, शिवकाशी म्हणजे फटाके. गुवाहाटीला गाडी किती दिवसांत लागते हे ते झोपेत सांगतील. स्वतः मात्र रामटेक आणि शेगावच्या पुढे गेले नाहीत. बुकिंगची खिडकी सोडायची कुणाच्या भरवशावर, हा त्यांचा ठरलेला सवाल असे. आई होती तेव्हा ती म्हणायची, तुमच्या खिडकीला आता कुंकू लावा. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाबा माझ्याकडे बेशाच्या फ्लॅटमध्ये असतात. मी लग्न केलं नाही, तो विषय वेगळा. घरात आम्ही दोघंच.

तर त्या संध्याकाळी मी विचारलं, "बोला, कुठे जायचं? काशी, रामेश्वर?"

"जर्दाळू कुठून येते तिथी," बाबा म्हणाले.

मला हसू आलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत दिल्लीहून आलेला एक नग गोडाऊनमध्ये फुटला. आत सुके जर्दाळू होते. माल इतवारीतल्या सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्याचा. तो पंचनाम्याला आला तेव्हा बाबांनी विचारलं, हे दिल्लीत पिकते काय? व्यापारी म्हणाला, नाही गा, दिल्लीत काबूलकडून येते, आणि तिथं त्याच्याही पलीकडून, समरकंद-बुखाऱ्याकडून. पूर्वी उंटावर यायचे. एवढं बोलून तो गेला. बाबा मात्र तिथेच अडकले. दिल्लीच्या आधी कुणीतरी हा माल चढवला, त्याच्या आधी आणखी कुणीतरी, त्याच्याही आधी कुणीतरी. "याची पयली बिल्टी कोनं बनवली असन?" बाबा म्हणाले. हा प्रश्न त्यांनी चाळीस वर्षं कुणालाही विचारला नव्हता.

मी थक्क झाले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, दिवसभर पुस्तकांत असते, आणि एवढा मोठा प्रश्न माझ्याच घरात माझ्यासमोर वरणभात खात बसला होता. मला स्वतःची लाजच वाटली. दुसऱ्या दिवशी मी उझबेकिस्तानवरचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक घरी घेऊन आले आणि ऑक्टोबरची तयारी सुरू झाली.

लोक सहल ठरवतात तेव्हा काय बघायचं ते आधी ठरवतात. मीही तेच करत होते. समरकंदचे निळे घुमट, बुखाऱ्याचा मनोरा, खिव्याची मातीची तटबंदी. पानं उलटत होते. एकेका भिंतीवर एवढी निळाई, की वाटावं, आभाळाला कुणीतरी खाली उतरवून चिकटवलंय. बाबांनी घुमट बघितले, "सुंदर हाये" म्हणाले आणि विचारलं, "मदात किती अंतर हाये?"

"कशाच्या मध्ये?"

"एका गावाच्या आन् दुसऱ्याच्या. बुखाऱ्याहून समरकंद किती?"

मी फोनवर बघून सांगितलं, पावणेतीनशे किलोमीटर. बाबांनी मान हलवली. ट्रकला अर्धा दिवस. मग म्हणाले, उंट एका दिवसात किती चालते ते पाहा. ते निघालं तीस-चाळीस किलोमीटर, माल लादलेला असेल तर. बाबांनी मला सिलिंडरच्या जुन्या पावतीच्या पाठीवर रेघ मारायला लावली. आधी आपल्याकडचं. वाडीहून उंट सकाळी निघाला, तर पहिला मुक्काम बाजारगाव. दुसरा कोंढाळीच्या पुढे. तिसरा तळेगाव. चौथा तिवशाच्या आसपास. पाचव्या दिवशी अमरावती. मग तिकडचं. बुखारा ते समरकंद, सात-आठ मुक्काम.

"आता त्या जागी काय हाये ते पाहा," बाबा म्हणाले.

मी नकाशा मोठा केला. आणि खरंच, बाबा बोट ठेवत होते तिथे काही ना काही निघत होतं. कुठे गाव, कुठे कसबा, कुठे नुसतं पडकं काहीतरी आणि त्याच्या नावात रबात, म्हणजे सराई. सगळी बोटं बरोबर पडली असं नाही, दोन चुकली. पण ज्या माणसाने तो देश कधी पाहिला नाही, ज्याला त्याची भाषा येत नाही, तो बेशात बसून, वीतभर कागदावर, हजार वर्षांपूर्वीचे मुक्काम शोधत होता.  "गाव मान्साच्या मर्जीनं नाही वसत पोट्टे," बाबा म्हणाले. "जनावर थकते ना, तिथी वसते."

पुस्तकात पुढे एक फोटो होता. त्याच रस्त्यावरची एक जुनी सराई. सराई कसली, तिचा फक्त दरवाजा उरला होता. सपाट उजाड माळ, बाजूने डांबरी हायवे, आणि मध्ये तो एकटा अवाढव्य दरवाजा, आगापिछा काही नसलेला. मी पान उलटणार होते. बाबांनी हात धरला.

"दरवाजा एवढा उंच काहून हाये, सांग."

"राजाने बांधला असेल. मोठेपणासाठी."

"असन. पन माल लादलेला उंट आत गेला पायजे ना. बाहेर माल उतरवाचा, मंग आत न्याचा, एवढा टाइम कोनाजवळ हाये? आपल्या गोडाऊनचं शटर काहून उंच असते?" मग त्यांनी फोटोच्या कडेला, रस्त्याच्या पलीकडे, जमिनीत अर्धा रुतलेल्या एका घुमटावर बोट ठेवलं. "आन् हे पानी हाये."

खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत माहिती होती. बाबांना ती वाचता येत नव्हती आणि मी अजून वाचली नव्हती. वाचली. तो घुमट म्हणजे पाण्याचं टाकं होतं. सराईइतकंच जुनं, काफिल्यांसाठी बांधलेलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मुक्काम म्हटला की पाणी आलंच, एवढं साधं गणित. पण ते त्या दरवाजाकडे बराच वेळ बघत राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "वाडीच हाये हे," म्हणाले. बाबांचा आवाज असा मी आई गेली तेव्हा ऐकला होता, त्यानंतर आजच.

मग आमचं ठरलं. घुमट बघू, मनोरा बघू, पण त्या दरवाजासमोर उभं राहायचं म्हणजे राहायचं.

बाबांनी चार गावांची यादी लिहून दिली आणि मी ती धरमपेठेतल्या एका एजंटकडे दिली. त्याने विमान, रेल्वे, हॉटेल, सगळं त्या क्रमाने लावून आणलं. घरी येऊन बघते तर काय, ताश्कंदला उतरायचं आणि त्याच दिवशी दुसऱ्या विमानाने थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, खिव्याला. मग तिथून मागे मागे येत बुखारा, समरकंद आणि शेवटी पुन्हा ताश्कंद. यादीच तशी होती. वरती खिवा, खाली ताश्कंद. बाबांनी गाडी भरतात तशी यादी लिहिली होती. ट्रकमध्ये सगळ्यात दूरचा माल आधी चढवतात, तो केबिनला टेकतो. जवळचा शेवटी, दाराशी. नाहीतर अमरावतीचं एक खोकं काढायला अख्खी गाडी रिकामी करावी लागेल. मी वाडीत लहानाची मोठी झालेली बाई, हे मला दिसू नये?

माझा राग नाकावर. "बाबा, आपण खोकी आहोत का?"

"गाडी अशीच भरतेत," बाबा म्हणाले. वर म्हणतात, "एजंटानं इचारलं नाही, तू इचारलं नाही, आन् भैताड मी?"

मी तणतणत डॉक्टरीणबाईंना फोन केला, की एवढा प्रवास पहिल्याच दिवशी झेपेल का. त्या उलट खूश झाल्या. ताकद आहे तोवर लांबचं उरकतंय आणि रोज तुम्ही मोठ्या शहराच्या, मोठ्या दवाखान्याच्या जवळ येताय, हेच बरं, म्हणाल्या. बाबांनी हे ऐकलं आणि पुढचे चार दिवस ते माझ्याशी साहेबासारखे वागले.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटची तपासणी होती. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी ग्रंथालयात होते. आकडा बघितला आणि पाचावर धारण बसली. जूनपासून जेवढा वाढेल असं वाटलं होतं, त्याच्या कितीतरी पुढे गेला होता. मी फोन पर्समध्ये टाकला आणि घरी काही बोलले नाही. निघायला पंधरा दिवस होते. एक मन म्हणे, सांगू नको, जाऊ दे त्यांना, एकदाच तर आहे. दुसरं मन म्हणे, अगं बये, बापाला परक्या मुलखात मारायला नेतेस का? दोन दिवस मी त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "रिपोर्ट मंगळवारी येनार होता. आज गुरुवार हाये."

"लॅबवाल्यांनी उशीर..."

"लॅबवाल्यायनं नाही. तू."

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहायची सोय नाही. वाढलंय, खूप वाढलंय, आणि तुमचा तो दरवाजा, आणि मी काय करू, असं सगळं एकात एक. ओरडता ओरडता रडायला लागले. बाबांनी माझा चहा गाळला, साखर घातली आणि कप समोर ठेवला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रवास नाही. आधी हाताच्या नसेचं छोटं ऑपरेशन, ते मुरायला दीड महिना, मग मशीन. बाबांनी त्यांना समजावून सांगितलं, की फुटका माल पाठवायचा झाला तर आम्ही बिल्टीवर शिक्का मारतो, मालकाच्या जोखमीवर. मग वाटेत काही झालं तर गाडीवाल्याचा दोष नाही. "तसा शिक्का मारा ना मॅडम. मालक मी हाओ."

बाई हसल्या नाहीत. "काका, मी मारेन. पण तिकडे रात्री-बेरात्री धाप लागली, तर तुमच्याजवळ ही एकटी असेल. हिला विचारा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, पहिल्यांदाच मागत होते. मी नाही म्हणाले.

बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर ते पुस्तक त्यांनी स्वतः माझ्या पिशवीत घातलं, परत कर, तारीख उलटली असन, म्हणाले. मी परत केलं नाही, कपाटावर ठेवलं. दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही. नोव्हेंबरात मशीन सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाबा उलट्या करत, थकत, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडत. मी बरोबरच केलं होतं, हे मला माहीत होतं. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या दिवसांत मला स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा दुसऱ्या कुणाचा कधी आला नाही.

डिसेंबरात बाबांच्या शेजारच्या खाटेवर काटोलचे एक संत्र्याचे बागायतदार येऊ लागले. एका शुक्रवारी ते दिसले नाहीत. सोमवारी आले तेव्हा बाबांनी विचारलं, खाडा कसा केला गा? ते म्हणाले, खाडा कायचा, भाचीच्या लग्नाला रायपूरला गेलो होतो, तिथल्या दवाखान्यात आधी फोन करून ठेवला, शुक्रवारची मशीन तिथी लावली, शनिवारी लग्न जेवलो.

त्या दिवशी बाबा घरी येऊन पडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "उंटाले कोनी म्हनलं काय, की तुले वाटेत पानी लागते, तू जाऊ नोको?"

मला आधी कळलंच नाही.

"नाही म्हनलं. त्यायनं रस्त्यावर पानी ठेवलं. समरकंदले किडनीचे पेशंट नाहीत काय? बुखाऱ्याले नाहीत? मशीन तिथीबी असनच. जिथी मशीन तिथी आपला मुक्काम. दोन दिवसाची चाल, एक मुक्काम. दोन दिवसाची चाल, एक मुक्काम. पुस्तक काढ."

मी स्टूल घेऊन कपाटावरून पुस्तक काढलं.  आम्ही नुसती अंतरं मोजत बसलो होतो आणि ह्या माणसाने रोगालाच मुक्काम करून टाकलं. वाटेत पाणी लागतं हे जनावराचं दुबळेपण धरून सगळा रस्ता आखला गेला, त्यातूनच ती शहरं उभी राहिली, घुमट उभे राहिले. हे पुस्तकात लिहिलेलं मी दहा वेळा वाचलं होतं. ते आपल्याला लागू आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. देशात जातात माझे पेशंट, म्हणाल्या, परदेशात अजून कुणी गेलं नाही. तीन-चार महिने तब्येत स्थिर राहिली आणि तिकडच्या दवाखान्यांनी लेखी होकार दिला, तर त्या पत्र देतील. खिवा सोडा, म्हणाल्या, मोठी गावं तेवढी धरा. बाबांनी लगेच खिवा सोडला. माणूस नव्याने उभा राहिला होता. मिठाचं, पाण्याचं पथ्य त्यांनी असं पाळलं की मलाच धाक वाटावा.

मी तिकडच्या दवाखान्यांना पत्रं लिहिली. फोनवर भाषांतर करून, त्यांच्या भाषेत, रशियनमध्ये, खाली इंग्रजीतही. इकडे नातेवाईकांना कुणकुण लागली. महाल भागातली आत्या फोनवर म्हणाली, "काहून? या वयात, अशा तब्येतीत, काहून?" चुलतभाऊ म्हणाला, काहून. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये म्हणाल्या, काहून. मी सगळ्यांशी भांडले. रात्री मात्र मीच स्वतःला तेच विचारायची. महिनाभर तिकडून काही आलं नाही. मला वाटलं, हसत असतील.

मग एका सकाळी बुखाऱ्याहून उत्तर आलं. मी ते बाबांच्या खाटेशी बसून, भाषांतर करत करत, मोठ्याने वाचलं. वजन किती, कुठल्या हातावर सुई लावतात, किती तास, रक्ताच्या अमुक तपासण्या महिन्याभरातल्या हव्यात. बुधवार आणि शुक्रवारची सकाळ ठेवता येईल. समरकंदच्या दवाखान्यात आमचे ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोललो आहे, पुढची पाळी तिथे होईल. पेशंट काय खात नाहीत ते कळवा. स्टेशनवर माणूस पाठवू, म्हाताऱ्या माणसाने सामान उचलू नये. कोणत्या तारखेला येता ते लिहा. खाली एक सही होती, मला नीट न लागलेली.

बाबांनी फोन हातात घेतला. ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून सगळी बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यायनं नाही इचारलं, काहून येता म्हनून. कधी येता, एवढंच इचारलं."

बाबा नीट उठून बसले, उशी पाठीशी घेतली आणि माझं रडून व्हायची वाट बघत राहिले. मग मी तारीख लिहिली.